जनता रेडिओवाले भाईदास

बऱ्हाणपुरात एकेकाळी स्वतःचा रेडिओ होता, हे मी आजच्या पोरांना सांगितलं तर ती हसतात. त्यांचंही बरोबर आहे. आता दाखवायला काही उरलेलं नाही. चौकातल्या धर्मशाळेच्या माडीवर एक खोली होती. तिच्यात लाकडी पेटीचा एक थोरला रेडिओ, तबकड्या वाजवायचं यंत्र, आवाज वाढवायचं मशीन आणि एक माईक. तिथून तारा निघायच्या आणि शनवारा, इतवारा, बुधवारा, राजपुरा अशा मोहल्ल्यांत खांबांवर टांगलेल्या भोंग्यांपर्यंत जायच्या. भोंग्यात जे वाजेल ते सगळं गाव ऐके. त्याचं नाव ‘जनता रेडिओ’. गावाबाहेरच्या लालबागेपर्यंत तार न्यायचं मात्र शेवटपर्यंत जमलं नाही, म्हणून आम्ही लालबागची माणसं गाणी ऐकायला चालत गावात जात असू.

मी तेव्हा लालबागेत कन्याशाळेत शिकवत होते आणि रविवारी दुपारी जनता रेडिओच्या बायकांच्या कार्यक्रमात बोलत असे. बाळाला उन्हाळ्यात काय पाजावं, लोणच्याला बुरशी येऊ नये म्हणून काय करावं, असलं काहीबाही. तिथे मला माईकसमोर बसवणारे, ‘बाई, कागदाकडं नका पाहू, मालूशी बोलल्यावानी बोला’ असं सांगणारे गृहस्थ म्हणजे भाईदासभाऊ. मालू म्हणजे त्यांची बायको, मालूबाई. दोघं लालबागेत आमच्या घरापासून तिसऱ्या घरात राहत.

हा रेडिओ सुरू झाला तो एका दुःखाच्या दिवसापासून. गांधीजी गेले त्या संध्याकाळी गावात मोजकेच रेडिओ होते. मोतीलालशेठ कापडवाल्यांच्या खिडकीखाली माणसांचा समुद्र लोटला. शेठनी रेडिओ खिडकीच्या चौकटीवर ठेवला, तरी मागच्या माणसांना ऐकू जाईना. तेव्हा भाईदासभाऊ, जे शेठच्या दुकानात कापडाच्या गाठी उचलायला होते, ते ओट्यावर चढले आणि आतून एकेक वाक्य ऐकून ते मोठ्यानं सांगत राहिले, एकदा हिंदीत, एकदा मराठीत. आवाज बसला तरी थांबले नाहीत. त्या दिवशी मोतीलालशेठनी ठरवलं, गावाला रेडिओ पाहिजे आणि त्याच्यावर हा माणूस पाहिजे.

भाईदासभाऊ मूळचे फोपनारचे. वडील कौतिक केळी लावायचे. घरात भजनाचा नाद, त्यामुळे कान तयार. शिक्षण चौथीपर्यंतच, पण कोणत्या वेळेला गावाला काय ऐकावंसं वाटेल, ते त्यांना आतूनच कळायचं. सकाळी सनई, मग भजनं. संध्याकाळी नागपूरच्या मराठी बातम्या, त्यानंतर दिल्लीच्या हिंदी. मग माग चालवणाऱ्यांची पाळी सुटायची त्या वेळेला कव्वाली. गुरुवारी गावातली भजनी मंडळं माईकसमोर बसायची आणि त्या दिवशी मंडळाच्या घरची माणसं आधीच भोंग्याखाली जागा धरून असायची.

सिनेमाच्या गाण्यांवरून मोठा वाद होता. शेठना ती मुळीच नको होती आणि तरुण पोरांना दुसरं काही नको होतं. भाईदासभाऊंनी शेठना समजावलं, “शेठजी, ताटात लोणचं असते ना, तेवढंच लावू. पोट भजनानंच भरू.” तेव्हापासून बातम्यांनंतर सिनेमाचं एक गाणं लागायचं. ते लागलं की पानाच्या टपरीवर गर्दी व्हायची आणि संपलं की पांगायची.

“हा जनता रेडिओ, बऱ्हाणपूर. भाईदास बोलतो. राम राम, सलाम, नमस्कार.” कार्यक्रमाची सुरुवात रोज अशी. शाहपूरच्या बाजारात ते एकदा केळीचा भाव विचारायला थांबले, तर पाठमोरा बसलेला व्यापारी आवाज ऐकून गर्रकन वळला आणि उभा राहिला. हे सांगताना मालूवहिनींना हसू आवरत नसे. “माहा मानूस तोंडानं ओळखू येत नाही, बोलला की ओळखू येते,” म्हणायच्या.

बावन्न साली त्यांना खोकला लागला. थुंकीत रक्त दिसलं. त्या वेळेला ते दुखणं म्हणजे माणूस गेलाच असं धरून चालायचे. पण खंडव्याच्या डॉक्टरांनी नवं इंजेक्शन दिलं, महिनोन्‌महिने दिलं, आणि भाईदासभाऊ उठून बसले. अंगावर मांस आलं. मालूवहिनींनी तापीवर जाऊन ओटी भरली. शेठनी रेडिओ चालवायला काढलेल्या मंडळानं त्यांची जागा राखून ठेवली होती, ते परत माडीवर चढले आणि ‘राम राम, सलाम, नमस्कार’ ऐकून शनवाऱ्यात कुणीतरी माव्याची जिलेबी वाटली.

पुढचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. ते मला फार नंतर मालूवहिनींनी सांगितलं.

आधी त्यांच्या कानांत शिट्टी वाजायला लागली. अशक्तपणा असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं. मग एका गुरुवारी भजन संपल्यावर ते भजनी मंडळावर चिडले, “आज टाळ काहून नाही आणले? टाळाबिगर कसलं भजन?” टाळकरी हातात टाळ घेऊन समोरच उभा होता. मंडळींना वाटलं, थट्टा करतायत. सगळे हसले, भाऊही हसले. घरी आल्यावर मात्र ओट्यावर बसून राहिले. वहिनींनी विचारलं तेव्हा म्हणाले, “मालू, त्याचे टाळ एकमेकाले लागत होते. मी डोळ्यानं पाहत होतो. मले आवाज नाही आला.”

टाळ गेले. मग बासरी गेली. मग बायकांचे आवाज पातळ होत होत पाण्यासारखे झाले आणि गेले. पुरुषांचे जाड आवाज काही दिवस राहिले. पुन्हा खंडव्याला गेले तर डॉक्टर खाली मान घालून म्हणाले की त्या औषधानं काहींच्या बाबतीत असं होतं, दुसरं औषध नव्हतं, ते दिलं नसतं तर तुम्ही आज इथे बसला नसता. भाऊ हात जोडून परत आले.

पण त्यांनी माडी सोडली नाही. रेडिओच्या पेटीला एक हिरवा डोळा होता, स्टेशन नीट लागलं की तो मिटल्यासारखा बारीक व्हायचा. ते डोळ्यानं स्टेशन लावायचे. मशीनवर तळवा ठेवला की आवाज चालू आहे का ते थरथरीवरून कळायचं. माणसांच्या ओठांवरून ते बोलणं ओळखायला शिकले. आणि नाहीच कळलं, तर ‘हो’ म्हणायचं. समोरचा मोठा असेल तर ‘हो शेठजी’, ‘हो साहेब’. बहुतेक वेळा चालून जायचं. माणसं एकमेकांना जे विचारतात त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींना ‘हो’ पुरतंच.

बाकीचं मालूवहिनी सांभाळायच्या. त्या रोज गोधडी शिवायला घेऊन खोलीत खिडकीपाशी बसू लागल्या. आम्हाला वाटायचं, दुखण्यातून उठलेल्या नवऱ्याची काळजी घेतायत. त्यांचे इशारे ठरलेले होते. पदर सारखा केला म्हणजे आवाज मोठा झाला, कमी करा. तळहात उलटा केला म्हणजे तबकडीत काहीतरी बिघडलं. मी रविवारी तिथेच समोर बसलेली असायचे आणि मला कधी संशयसुद्धा आला नाही. एवढंच जाणवायचं की भाऊ हल्ली माईकवर जरा ओरडून बोलतात. गावात पोरं त्याची नक्कलही करायची.

अशी जवळजवळ तीन वर्षं गेली.

छप्पन सालची दिवाळी. त्याच दिवसांत राज्यं नव्यानं मांडली जात होती. आम्ही तोवर नागपूरकडे तोंड करून होतो. कचेरीचे कागद तिकडे, मोठ्या परीक्षा तिकडे, संध्याकाळच्या बातम्याही तिकडच्या. आता नागपूर मुंबई राज्यात जाणार आणि आमची राजधानी भोपाळ. गावात दोन मतं होती. मधुकर वकिलांनी मराठी माणसांची एक समिती काढली होती. आपला तालुका तिकडेच जोडा, असं त्यांचं म्हणणं. बाजारपेठेतल्या बऱ्याच लोकांना त्यात काही अर्थ दिसत नव्हता. भांडणं फार नव्हती, पण पूर्वी चहाच्या टपरीवर एकाच बाकावर बसणारे लोक वेगवेगळ्या बाकांवर बसू लागले होते.

एक नोव्हेंबरला चौकात झेंडावंदन आणि सभा ठरली. बाहेरून एक मोठे साहेब यायचे होते. मोतीलालशेठ स्वागताचे अध्यक्ष. त्यांनी भाईदासभाऊंना सांगितलं, “साहेब येईपर्यंत एक हिंदी भजन लाव, एक मराठी लाव. दोन्ही घरं खुश. समजलास?”

हे भाऊंना समजलं होतं. अडचण दुसरीच होती. त्यांची लेक लीला शाहपूरला दिलेली, तिचे दिवस भरले होते. आदल्या दिवशी सांगावा आला आणि मालूवहिनींना जावं लागलं. निघताना त्या म्हणाल्या, “उद्या नका जाऊ माडीवर. ताप आला म्हनून सांगा.”

भाऊ म्हणाले, “आठ वरसं झाली मले तिथं बसून. आजच्या दिवशी नाही गेलो तर मंग कवा जाऊ?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या मुलींना घेऊन चौकात उभी होते. हिंदी भजन छान वाजलं. मग मराठी तबकडी लागली, एक जुनी गवळण, गावाच्या आवडीची आणि वाजवून वाजवून झिजलेली. गोपी कृष्णाला विनवते, ‘थांब रे कान्हा, सोडून नको जाऊ’. दुसऱ्यांदा ती ओळ आली आणि सुई अडकली.

“नको जाऊ… नको जाऊ… नको जाऊ…”

आधी मुली खुदखुदल्या. मग मागे कुणीतरी हसलं. आता बंद होईल, आता होईल म्हणून आम्ही वर पाहत होतो. बंद होईना. चौकातून, शनवाऱ्यातून, राजपुऱ्यातून, सगळ्या भोंग्यांतून तेच. ज्या दिवशी एका राज्यातून दुसऱ्यात जायचं त्याच दिवशी, सगळ्या गावाच्या डोक्यावर, ‘नको जाऊ, नको जाऊ’. मधुकर वकील आणि त्यांची पोरं एका कडेला उभी होती. त्यातली खोच सगळ्यांत आधी त्यांना कळली. त्यांनी तालावर टाळ्या धरल्या. “वाहवा भाईदास!” कुणीतरी ओरडलं. दुसऱ्या बाजूनं आवाज उठला, “बंद करो! ये क्या बदमाशी है?” हात वर झाले, मुठी वळल्या, आणि तेवढ्यात साहेबांची मोटार वळणावर दिसली.

तेव्हा भाईदासभाऊ माडीच्या सज्जात आले. स्वच्छ धोतर, काळी टोपी. तबकडी लावून ते गर्दी पाहायला बाहेर आले होते. खाली हजार माणसं त्यांच्याकडे तोंड करून हात हलवत होती, कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी ओरडत होतं. त्यांना वाटलं, गवळण आवडली. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी सगळ्या गावाला वाकून नमस्कार केला.

तो नमस्कार मी पाहिला. आणि खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं, हा माणूस काय धीट आहे!

मोतीलालशेठ धापा टाकत जिना चढले. त्यांच्यामागे साहेबांचा एक शिपाई आणि दोन-तीन माणसं. शेठनी आधी सुई उचलली. चौक एकदम गप्प झाला. मग ते भाऊंकडे वळले. शेठच्या तोंडात पानाचा तोबरा, ओठांवर झुपकेदार मिशा, आणि रागानं मान सारखी इकडून तिकडे. ओठ वाचायचे तरी कसे?

“ये क्या तमाशा लावलास? कोणी सांगितलं तुला हे?”

“हो शेठजी.”

“मुद्दाम लावलंस?”

“हो शेठजी.”

“माझ्या तोंडाला काळं फासायला?”

“हो शेठजी,” भाऊ म्हणाले आणि हसले, कारण त्यांना वाटलं की शेठ कौतुक करतायत.

शेठनी त्यांच्या हातून माडीची किल्ली काढून घेतली. तेव्हा कुठे भाऊंचं हसू मावळलं.

संध्याकाळपर्यंत ही सवालजबाबाची गोष्ट गावभर झाली. दोघातिघांनी कानांनी ऐकली होती, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. भाईदासनं भर दिवशी, साहेबांच्या तोंडावर, मुद्दाम केलं आणि कबूलही केलं. दिवाळीच्या दिवशी त्यांना पोलीस चौकीत बोलावलं. तिथेही त्यांनी ‘हो साहेब’च म्हटलं असणार. बसवून ठेवलं, दम दिला आणि सोडलं, पुन्हा बोलावू म्हणाले. घरी आले तर मधुकर वकील हार घेऊन दारात उभे.

“भाईदास, तुम्ही एकट्यानं जे केलं ते आम्हाला वर्षभरात जमलं नाही,” वकील म्हणाले. “पुढच्या रविवारी सभा आहे. तुम्ही बोलायचं.”

भाऊंनी हार घालून घेतला. काय झालं ते त्यांना एव्हाना थोडं थोडं कळत होतं, पण तुकड्यातुकड्यांनी. चौकीत एकानं तबकडी गोल फिरवल्याचा हावभाव केला होता, त्यावरून सुई अडकली असणार हे त्यांनी ओळखलं. पण त्यासाठी चौकीत कशाला नेतात आणि हार कशाला घालतात, हे त्यांना कळत नव्हतं. विचारायची सोय नव्हती. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं.

मालूवहिनी पाडव्याला शाहपूरहून आल्या. लीलेला मुलगा झाला होता, ते सांगायच्या आनंदात दारात पाय ठेवला तर शेजारणींनी दुसरंच ऐकवलं. त्या तशाच माझ्याकडे आल्या आणि मला हाताला धरून घरी घेऊन गेल्या. “बाई, तुमी बसा. मले एकटीले नाही झेपनार.”

मग मी जे पाहिलं ते आजही डोळ्यांसमोर आहे. वहिनी नवऱ्यासमोर बसल्या आणि आवाज न काढता, फक्त ओठ हलवून, सावकाश बोलू लागल्या. घरात काही म्हणजे काही आवाज नव्हता. भाऊ त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहत होते आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरत होता. मला तेव्हा कळलं.

“नको जाऊ म्हनत होती का ती?” भाऊंनी विचारलं. त्यांचा आवाज मात्र नेहमीसारखा मोठा. “आनि मी नमस्कार केला?”

वहिनींनी मान हलवली.

मग भाऊ माझ्याकडे वळले. “बाई, तुमाले आता समजलंच. पन कोनाले सांगू नका. पाया पडतो.”

“अहो भाऊ, पण सांगितलं तर तुमच्यावरचा आळ जाईल,” मी म्हणाले. त्यांना कळावं म्हणून मीही सावकाश बोलले.

“आळ जाईन, मले माहीत हाये. पन आळ वरस दोन वरसांत तसाही जाते. लोक इसरतात. शेठजी रागीट हायेत, पन मनाचे मऊ. एक दिवस बोलावतीन. बहिरा झाला म्हटल्यावर कोन बोलावीन? बहिऱ्याले रेडिओवर कोन ठेवीन, तुमीच सांगा.”



मालूवहिनी रडत होत्या. “अन् तोवर चौकीत जात राहाल? जे केलं नाही त्याचं पाप घ्याल डोक्यावर? हे हारवाले आज नाचवतीन, उद्या दंगा झाला तर कोन येईन सोडवाले? तुमाले तर मागून कोनी दगड मारला तरी समजनार नाही.”

भाऊंनी हे पाहिलं की नाही कोण जाणे. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांच्याशी बोलणं थांबवायला एवढंच पुरेसं होतं, तोंड फिरवायचं.

रविवारची सभा दोन दिवसांवर आली, चौकीतून दुसरं बोलावणं आलं, तेव्हा मालूवहिनींनी मन घट्ट केलं. मला म्हणाल्या, “चला बाई.” आम्ही दोघी मोतीलालशेठच्या दुकानात गेलो. शेठ गादीवर होते. त्यांनी वहिनींना पाहिलं आणि तोंड फिरवलं.

“शेठजी,” वहिनी उभ्याउभ्याच म्हणाल्या, “त्याईले ऐकू येत नाही. तीन वरसं झाली. तुमी इचारलं ते त्याईले समजलं नाही. ते सगळ्यालेच हो म्हनतात.”

शेठना आधी पटेना. मग त्यांना एकेक आठवत गेलं असावं. टाळांची गोष्ट, माईकवरचं ओरडणं, मालूबाईंचं रोज खिडकीपाशी बसणं. त्यांनी पान थुंकलं, चष्मा काढला.

“अरे राम,” ते म्हणाले. “मी त्याच्यावर ओरडत होतो आणि तो हसत होता.”

मग चष्मा परत लावून म्हणाले, “चौकीचं मी बघतो. आजच जातो. तुम्ही घाबरू नका, बहीण.”

“आनि माडी?” वहिनींनी विचारलं.

शेठनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी काहीतरी सुचवीन. “रागात काढला होता, तर राग गेल्यावर परत घेतला असता,” ते म्हणाले. “आता कसा घेऊ? तुम्हीच सांगा, कसा घेऊ?”

दुकानातून बाहेर पडल्यावर वहिनी पायरीवरच बसल्या. “ते म्हनत होते तसंच झालं ना, बाई?” एवढंच म्हणाल्या.

चौकीचं प्रकरण मिटलं. रविवारच्या सभेआधी मधुकर वकील पुन्हा आले. बातमी त्यांच्या कानावर गेली होती. दारातच उभे राहून त्यांनी मला विचारलं, “म्हणजे ते मुद्दाम नव्हतंच?” मी नाही म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण त्याचा चेहरा पडला. भाऊंना नमस्कार करून ते निघून गेले. सभा झाली, तिच्यात भाऊंचं नाव कुणी घेतलं नाही.

मोतीलालशेठनी मात्र हात टेकले नाहीत. ते स्वतः भाऊंना घेऊन इंदूरला गेले. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कानाची शीर सुकली आहे, तिला काही करता येत नाही. शेठनी मुंबईहून कानाला लावायचं यंत्रसुद्धा मागवलं. छातीवर डबी, कानात बोंडूक. भाऊंनी ते लावलं आणि लगेच ओरडून काढलं. वहिनी सांगत, त्यांना नुसता गडगडाट ऐकू आला, मालवाहू गाडी डोक्यावरून गेल्यासारखा. तरी शेठचं मन राखायला ते आठवडाभर डबी छातीवर घालून हिंडले. कानातलं बोंडूक खिशात असायचं.

गाव आता चांगलं वागू लागलं आणि ते भाऊंना सोसेना. आळ होता तेव्हा लोक रागानं का होईना, डोळ्यांत डोळे घालून पाहत. आता सगळे थांबून, मोठे डोळे करून, हातवारे करून ‘कसे आहात?’ विचारत. जिलेबीवाला जास्तीची जिलेबी बांधून द्यायचा. एक दिवस ते वहिनींना म्हणाले, “चल, फोपनारले जाऊ. केळीले बोलता येत नाही, तिथं मी सगळ्याईसारखा.”

माडीवर अनंत नावाचा तरुण आला. हुशार होता, हिंदी छान बोलायचा. नागपूरच्या बातम्या बंद होऊन सगळं दिल्लीवर आलं. पुढल्याच वर्षी सरकारनं दिवसभर गाण्यांचा कार्यक्रम सुरू केला. घराघरांत रेडिओ आले. मंडळी भोंग्याखाली थांबेनाशी झाली. गुरुवारी भजनी मंडळ माईकसमोर गायचं आणि खाली कुत्रंसुद्धा नसायचं. मी बायकांचा कार्यक्रम आणखी काही दिवस केला. पण समोर खिडकीपाशी गोधडी शिवणारं कुणी नसलं की मला बोलणं सुचेना, मी सोडून दिला. काही वर्षांत रेडिओच्या मंडळानं खोली धर्मशाळेला परत केली.

सामानाचं काय करायचं हा प्रश्न निघाला तेव्हा शेठ म्हणाले, तबकड्या भाईदासला द्या, त्याच्याइतका त्यांच्यावर जीव कुणाचा होता? त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. पेट्या बैलगाडीत घालून फोपनारला पाठवल्या. मी त्या सुमाराला मालूवहिनींना भेटायला गेले होते. वहिनींनी गाडी पाहिली आणि कपाळाला हात लावला. वाजवायचं यंत्र घरात नव्हतं, असतं तरी कुणासाठी?

भाऊंनी मात्र पेट्या उघडल्या. ओसरीवर बसून एकेक तबकडी धोतराच्या सोग्यानं पुसली, तिच्यावरची अक्षरं वाचली आणि वेगवेगळ्या गठ्ठ्यांत ठेवली. सकाळच्या, संध्याकाळच्या, गुरुवारच्या. मधेच एखादी उजेडात तिरपी धरून सुई अडकेल असा चरा दिसतो का ते बघायचे. मग सगळ्या पेट्या माळ्यावर गेल्या, पत्र्याखाली.

मेमध्ये तापीकाठी जे ऊन पडतं ते ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक. त्या उन्हाळ्यात माळ्यावरच्या तबकड्या सगळ्या वाकल्या. कागदाच्या पिशव्या एकमेकींना चिकटल्या, कडा वर आल्या, काही तर पापडासारख्या मुरडल्या. मालूवहिनी कांदे काढायला वर चढल्या तेव्हा त्यांना दिसलं. नवऱ्याला कसं सांगावं म्हणून त्या दोन दिवस गप्प राहिल्या. तिसऱ्या दिवशी भाऊच वर गेले. बराच वेळ वर होते. खाली आले, हात धुतले, भाकरी खाल्ली.

“पाटाचं पानी सोडाचं राहिलं,” म्हणाले आणि फावडं घेऊन केळीत गेले.